अपडेट म्हणावयाचे राहिले

श्रीपूरच्या आसमंतात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की, ऊसतोड मजुरांची मुलेही आमच्या शाळेत येऊन बसतात आणि हंगाम सरताच आईबापांमागे निघून जातात. अशाच एका मुलाने मला जो धडा दिला, तो बालवाचकांपुढे ठेवितो.

शाळेतील एका जुन्या संगणकावर मी फोर्थच्या धर्तीची लहानशी कार्यप्रणाली बसविली आहे. फोर्थ ही भाषा अमेरिकेत चार्ल्स मूर यांनी १९७० च्या सुमारास सिद्ध केली व ॲरिझोनातील किट पीक येथील रेडिओ दुर्बिणीच्या कामी ती लाविली. खोडदच्या दुर्बिणी ज्यांनी सहलीत पाहिल्या असतील, त्यांस या कामाची कल्पना येईल. या व्यवस्थेत फाइल नाही, तिचे नावही नाही. डिस्कचे सारखे भाग पाडून त्यांस केवळ क्रमांक दिलेले असतात. त्यांसच ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकात १०२४ अक्षरे, म्हणजे ६४ अक्षरांच्या १६ ओळी मावतात. कोठे काय ठेविले, हे आपण आपल्या वहीत टिपावे.

क्रमांक देऊन 'ब्लॉक' म्हटले की तो भाग स्मृतीतील बफरात उतरतो. 'लोड' म्हटले की त्यातील मजकूर जणू आपणच कळफलकावर लिहीत आहो, असे मानून यंत्र तो आचरिते. परंतु बदललेला मजकूर डिस्कवर परत जावा, तर आधी 'अपडेट' म्हणून त्यावर खूण करावी लागते. मग 'फ्लश' म्हणताच खूण केलेले बफर लिहिले जातात. खूण नसलेला बफर यंत्र निःशंकपणे टाकून देते.

त्या मुलाने २० क्रमांकाच्या कोऱ्या ब्लॉकात टनांवरून मजुरीचा हिशोब बसविला. "सर, राहील ना?" त्याने विचारले. "पडद्यावर दिसते आहे की!" असे म्हणून मी घाईने 'फ्लश' केले व यंत्र बंद केले. दुसऱ्या दिवशी, गावी परतण्यापूर्वी, त्याचे वडील मुद्दाम पाहावयास आले. ब्लॉक कोराच होता. 'अपडेट' म्हणावयाचे मीच विसरलो होतो.

वर्गासमक्ष मी चूक कबूल केली. वडील म्हणाले, "असू द्या, गुरुजी." मुलगा काहीच बोलला नाही. त्याने वही काढिली, सोळाही ओळी पुन्हा लिहिल्या आणि हळूच म्हणाला, "सर, आता अपडेट मी म्हणतो."

फ्लश झाले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. २० लोड केला. वडिलांनी आपले टन सांगितले, पडद्यावरील रक्कम खिशातील चिठ्ठीशी ताडून पाहिली व म्हणाले, "बरोबर आहे."

मुलांनो, डोळ्यांपुढे दिसले म्हणजे साठले, असे नव्हे. त्या दिवसापासून कोणी "राहील ना?" असे विचारिले, तर मी यंत्र बंद करून, पुन्हा उघडून पाहिल्यावाचून उत्तर देत नाही.