पाण्यापासून एकतीस पायऱ्या वर

अलिबाग-मुरूड पट्ट्यात घर बांधायला येणाऱ्यांची मागणी गेल्या काही वर्षांत बदलली आहे. पूर्वी त्यांना समुद्र हवा असे, आता तळं हवं असतं. मागे डोंगर, पुढे पाणी आणि झोपायच्या खोलीला पाण्याकडे अख्खी काचेची भिंत. किनाऱ्याच्या जमिनीचे भाव आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचे सीआरझेडचे नियम यांनी माणसं आत सरकली, तळ्याबंधाऱ्यांपाशी आली. मी आर्किटेक्ट आहे, माझं पोट या मागणीवर चालतं, त्यामुळे तिची टिंगल करणार नाही. पण जो तळ्याकाठी घर मागतो त्याला मी आधी तळ्यापासून लांब न्यायला बघतो. यावरून कामं हातची गेलीही आहेत.

पाण्यापासून लांब राहण्याचा नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे, तोही डोंगरमाथ्यावर. हिरोजी इंदुलकरांनी रायगड बांधला. जगदीश्वराच्या देवळापाशी जो शिलालेख आहे, त्यात इमारतींच्या बरोबरीने विहिरी, तळी, बागांचा उल्लेख आहे. गंगासागर तलावाच्या अंगाला मनोरे उभे आहेत, राजवाडा मात्र काठावर नाही. मनोऱ्यांपासून ३१ पायऱ्या चढाव्यात तेव्हा पालखी दरवाजा लागतो आणि मग बालेकिल्ला. पाणी खाली, वस्ती वर. तळं दिसतं, पण त्याची ओल घरात येत नाही.

खाली चौलला गेलात तरी हेच. रामेश्वराच्या देवळासमोर पुष्करणी आहे. पाण्याच्या काठावर देव आणि पायऱ्या, घरं रस्त्याच्या कडेने, त्यांच्या मागे नारळी-पोफळीची वाडी आणि परसात ज्याची त्याची विहीर. तळं गावाचं, विहीर घराची. ही वाटणी ज्यांनी केली त्यांना पावसाळा नीट माहीत होता.

आणि खरी गोम पावसाळ्यातच आहे. गिऱ्हाईक जागा बघायला येतं ते नोव्हेंबर ते मे या काळात. मार्चमध्ये तळ्याचं पाणी आत ओढलेलं असतं, काठ कोरडा, गवत पिवळं. तिथेच उभं राहून साहेब म्हणतात, ‘इथे ओटी, इथे डेक.’ मी काठावरच्या झाडांची खोडं बघतो. खोडावर गाळाचा करडा पट्टा असतो, त्याच्यावर सालीचा रंग बदलतो. बांधावरच्या झुडपांत वाळकं शेवाळ, काटक्या अडकलेल्या असतात. पाणी कुठवर चढतं ते तिथे लिहिलेलं असतं. मग शेजारच्या वाडीतल्या काकांना विचारायचं, २६ जुलै २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? त्यांनी काठीने दाखवलेली खूण बहुतेक वेळा खोडावरच्या पट्ट्याच्याही वर असते. चुन्याची फक्की मारायची ती त्या खुणेच्या वर.

चोंढीत स्टुडिओ मुंबईच्या बिजॉय जैन यांनी बांधलेलं ‘कॉपर हाऊस टू’ म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. त्याचं तांब्याचं छप्पर सगळे बघतात. मला त्याखालची माती जास्त शहाणी वाटते. विहीर खणली, तिची माती घराखाली भरून जमीन उचलली. २००५ च्या पुराची पातळी डोळ्यांसमोर ठेवून. त्यांचंच काशीदचं ‘तारा हाऊस’ फणसाडच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. तिथे बागेखाली दगडी भिंतींची एक खोली आहे आणि तिच्यात जमिनीतलं पाणी येतं. पाणी जवळ हवं या हौसेला इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांच्याच नांदगावच्या ‘पामायरा हाऊस’च्या भिंती म्हणजे ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या झडपा. आतून वारा खेळतो. काचेच्या बंद खोलीत काय होतं ते सप्टेंबरात कपाट उघडल्यावर कळतं. कोटाच्या खांद्यांवर पांढरी बुरशी, चपला हिरव्या. मालक मग मला फोन करतात. मी म्हणतो, काच अर्धी करू, उरलेल्या जागी झडपा लावू.

पाण्यापासून वर सरका म्हटलं की काही जण थेट डोंगर कापायला निघतात. जेसीबी लावला की दोन दिवसांत सपाटी मिळते, म्हणून मोह होतो. आपल्या उतारांवर खाली काळा कातळ आणि वर कुजलेल्या दगडाचा मुरूम असतो. पायथा कापला की वरच्या मुरमाचा आधार गेला, आणि कातळावरून वाहणारं पावसाचं पाणी त्याला ढकलायला मोकळं. २००५ साली महाड तालुक्यात दासगाव, जुई, २०२१ च्या जुलैत तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी इथे दरडी कोसळल्या. या दुर्घटनांची कारणं एकसारखी नाहीत, पण मुसळधार पावसात आपला उतार कसा वागतो ते त्यांनी दाखवलं. म्हणून मी घराचे तुकडे पाडतो. ओटी एका पातळीवर, माजघर दोन-तीन फूट वर, झोपायच्या खोल्या आणखी वर. मधे दगडी पायऱ्या, आणि डोंगराकडून येणारं पाणी घराला वळसा घालून जाईल असा चर आधी खणायचा, पाया नंतर.

छपराची गोष्ट ३ जून २०२० नंतर बदलली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं. पत्रे उडाले, कौलं गेली, श्रीवर्धनकडच्या पोफळी आडव्या झाल्या. पावसाला लांब पावळी हवी असते, वाऱ्याला नेमकी तीच पकडायला सापडते. मी आता पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवतो. गेलं तर ते एकटं जाईल. वासे तुळईला नुसते खिळ्यांनी ठोकत नाही, पट्ट्या घालून बोल्टने आवळतो. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड गंजतं, तेव्हा बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. बिल वाढतं, मालक कुरकुरतात.

राहिलं सांडपाणी. त्याबद्दल कुणी विचारत नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून साठ फूट तरी लांब हवा, आणि तो तळ्याच्या बाजूला नकोच. गावतळं ही सार्वजनिक मालमत्ता आहे. जगपाल सिंग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तळ्यांसारख्या गावाच्या सामायिक जागांवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं होतं. तळ्यात खांब रोवून डेक काढून मागणाऱ्याला मी हा निकाल सांगतो.

दिवाळीनंतर तळी तुडुंब असतात, डोंगर अजून हिरवे असतात आणि सौदेही याच दिवसांत होतात. जागा आवडली तर जरूर आवडू द्या. पण टोकन देण्याआधी सातबारा बघा, आणि एक आषाढ जाऊ द्या. छत्री घेऊन एकदा त्या काठावर उभे राहा, मग मला बोलवा.