वहीवरचं नाव

आम्ही इस्लापूरच्या बाया. घरात दखनी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू. आमच्यातल्या चारपाच जणी लिहितात, पण वह्या कपड्यांच्या पेटीत तळाशी.

पाटण्याच्या रशीदुन्निसांनी १८८१ साली उर्दूत ‘इस्लाहुन्निसा’ ही कादंबरी लिहिली. ती १८९४ साली छापली, तेव्हा त्यांचं नाव नव्हतं. बॅरिस्टर मुहम्मद सुलेमान यांची आई, एवढीच ओळख. मराठीत मल्लिका अमर शेख यांनी १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिलं, मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ १९९५ साली आलं. दोन्ही स्वतःच्या नावानं. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. वाट तर झाली. चालायचं कोणी?

परवा एकीची कविता अंकाला पाठवायची ठरली. तिनं खाली लिहिलं, ‘मुन्नाची अम्मी’. आम्हाला हसू आलं नाही. गल्लीत आम्हालाही याच नावानं हाक मारतात. बराच वेळ ती पेन धरून बसली. मग ते खोडून आपलं नाव लिहिलं.

घरचे काय म्हणतील, ते अंक आल्यावर कळेल. आम्ही मात्र त्या रात्री पेटी उघडली आणि वहीच्या पहिल्या पानावर नाव घातलं.