पत्र वाचता न आलेला कवी : वामनदादा कर्डक

१/ २ मार्च १९३०. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दिशेने हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष निघाले आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. त्या वेळी याच जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी नावाच्या खेड्यात, शाळेची पायरी न चढलेला सात वर्षांचा एक मुलगा राहत होता. त्या बंद दरवाजापासून सुरू झालेल्या लढ्याची गाणी पुढे तो आयुष्यभर लिहिणार होता. हा धागा त्याच्याविषयी : लोककवी वामन तबाजी कर्डक.

२/ वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. घर भूमिहीन म्हणावे असे, त्यात वडिलांचे छत्र लवकर हरपले. गुरांमागे आणि पडेल त्या कामामागे बालपण सरले. मात्र ज्या जिल्ह्यात हे बालपण गेले, तो जिल्हा त्या काळी धगधगत होता. दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी नाशिकचा सत्याग्रह अनेक वर्षे जागता ठेवला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली.

३/ येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्यापर्यंत चळवळ पोहोचणार कशी? ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रे निघत होती. पण गावकुसाबाहेर ती वाचून दाखवणारा एखादाच असे. बाकीच्यांसाठी कान हेच वाचनाचे साधन होते. म्हणून चळवळीने गाण्याचा रस्ता धरला.

४/ हा रस्ता नवा नव्हता. महात्मा फुल्यांच्या परंपरेतील सत्यशोधकांनी जलसे उभे केले होते. तोच वारसा घेऊन नाशिककडच्याच भीमराव कर्डकांनी तीसच्या दशकात आंबेडकरी जलसा गाजवला. तमाशातली ढोलकी राहिली, सवाल-जवाब राहिले, विनोद राहिला; विषय मात्र बदलले. शिक्षण, अंधश्रद्धा, पाणवठा आणि मंदिरप्रवेश हे प्रश्न रंगमंचावर आले. लोक हसायला म्हणून बसत आणि विचार करत उठत.

५/ वामनदादा तरुणपणी आईबरोबर मुंबईत आले. गिरणीत काम केले, कोळसा उचलला, फुटकळ वस्तू विकल्या. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असताना ते समता सैनिक दलाच्या संपर्कात आले. सिनेमाचे वेड होते, पडद्यावर झळकावे अशी इच्छाही होती. अंगात लय होती, गळ्यात सूर होता. नव्हते ते फक्त अक्षर.

६/ आणि एके दिवशी कुणीतरी त्यांच्या हाती पत्र दिले : ‘एवढे वाचून दाखवा.’ वामनदादांना ते वाचता येईना. चारचौघांत मान असलेल्या उमद्या तरुणाला त्या क्षणी जी लाज वाटली, तिने त्यांचे आयुष्य वळवले. देहलवी नावाच्या गृहस्थांकडून त्यांनी बाराखडी गिरवली. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पक्की केली. मुंबई शहर हीच त्यांची शाळा ठरली.

७/ ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गीत रचले. ते होते एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन. ऐकणारे खदखदून हसले. आपल्या शब्दांत माणसे बांधून ठेवण्याची शक्ती आहे, हे वामनदादांना तेथे उमगले. त्याच वर्षी मुंबईत नायगावला त्यांनी बाबासाहेबांना प्रथम पाहिले. मनोरंजनाची हातोटी आणि जगण्याचे प्रयोजन, दोन्ही त्यांना एकाच वर्षी गवसले.

८/ पुढची जवळजवळ सहा दशके हा माणूस गात हिंडला. एसटीने, रेल्वेने, बैलगाडीने, प्रसंगी पायी. भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो की लग्नाचा मांडव. पेटी आणि ढोलकी लागली की रात्र सरे. चाली कधी लोकगीताच्या, कधी कव्वालीच्या, कधी सिनेमाच्या. सूर ओळखीचा असल्याने शब्द पहिल्या ऐकण्यातच पाठ होत. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते गाणे दुसऱ्या दिवशी जात्यावर, शेतात म्हणता येई.

९/ त्यांची गाणी केवळ वंदनेची होती, असे समजणे चूक ठरेल. देशातील मोठ्या उद्योगपतींच्या संपत्तीत कष्टकऱ्याचा वाटा कुठे आहे, असे त्यांनी भर सभेत नावे घेऊन विचारले. बाबासाहेबांच्या पश्चात चळवळीत फाटाफूट झाली, तेव्हा स्वकीय नेत्यांनाही त्यांनी सोडले नाही. टाळ्या देणाऱ्या श्रोत्यांसमोर त्यांच्याच उणिवा मांडणे सोपे नसते. बिदागीवर पोट असलेल्या कलावंताला तर ते मुळीच सोपे नसते.

१०/ त्याच काळात दूर अमेरिकेत असाच एक प्रश्न एका कलावतीपुढे होता. सेंट लुईसला १९०६ मध्ये जन्मलेली जोसेफिन बेकर पॅरिसमध्ये जॅझ युगाची तारका झाली. १९५१ मध्ये मायदेशी दौऱ्यावर असताना, जेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही तेथे गाणार नाही, अशी अट तिने घातली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात ती बोलली, तेव्हा तिच्या अंगावर फ्रेंच सैन्याचा गणवेश होता. फ्रान्सने २०२१ मध्ये तिला पँथिऑनमध्ये मानाचे स्थान दिले.

११/ बेकरच्या हाती नाट्यगृहाचा दरवाजा उघडून घेण्याची ताकद होती, कारण प्रेक्षक तिच्यासाठी तिकीट काढत होते. वामनदादांच्या श्रोत्यांना नाट्यगृहच ठाऊक नव्हते. त्यांनी वस्तीतल्या मोकळ्या जागेलाच रंगमंच मानले. दोघांचे मर्म मात्र एकच : आधी माणसाला रिझवायचे, मग त्याच रिझलेल्या माणसाला त्याच्या मानाची आठवण करून द्यायची.

१२/ ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झाले. १९९३ मध्ये वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. १५ मे २००४ रोजी ते गेले. तरीही मराठी कवितेच्या इतिहासात त्यांना अनेकदा एखाद्या ओळीचीच जागा मिळते. हजारो गीते लिहिणारा कवी ‘गायक’ म्हणून बाजूला ठेवला जातो, तेव्हा आपण छापलेल्या शब्दालाच इतिहास मानतो की काय, हे तपासून पाहायला हवे.

१३/ आजही १४ एप्रिलच्या रात्री गायन पार्ट्या वामनदादांची गाणी म्हणतात. ती कुणाची, हे अनेक तरुणांना माहीत नसते. पण गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकले, तर तेथे बहुधा ‘वामन’ हे नाव भेटते. संतांनी अभंगात गुंफावे तसे त्यांनी ते गुंफले आहे. ज्याला एकेकाळी साधे पत्र वाचता आले नव्हते, त्याची ही सही आहे. पुढच्या वेळी गाणे अर्ध्यावर सोडू नका.