धमनी म्हणजे नुसता नळ नव्हे!



आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना रक्ताभिसरण समजावून सांगायला पाणचक्कीचं उदाहरण फार सोपं जातं. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर वाहत चक्कीपर्यंत येतं, तसंच रक्त धमन्यांतून वाहतं, असं म्हटलं की मुलांना लगेच पटतं. पण तिथंच थांबू नका. पाणी वाढलं म्हणून मातीचा नळ काही रुंद होत नाही. धमनी मात्र होते, कारण ती जिवंत आहे!

हे कसं घडतं? धमनीला आतून पेशींच्या एकाच थराचं नाजूक अस्तर असतं. बसल्या जागी आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. जोरात धावलं की हेच प्रमाण तिप्पट-चौपट होतं. वाढलेला प्रवाह अस्तराला घासत जातो, तेव्हा तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात. त्यानं धमनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात अन् वाट मोकळी होते. या वायूचं हे काम शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

भरभर चालणं, धावणं, सायकल, दोरीउड्या हे नियमित असलं की अस्तर तरतरीत राहतं, रक्तदाबही आटोक्यात यायला मदत होते. व्यायाम सोडला, तर काही आठवड्यांतच फायदा ओसरू लागतो. माझे वडील रक्तदाबाची गोळी घेतात आणि रोज सकाळी हिमायत बागेत फिरायलाही जातात. डॉक्टरांनी त्यांना दोन्ही सांगितलंय, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

वर्गात हा उपक्रम जरूर घ्या. मुलांना मनगटावरची नाडी अर्धा मिनिट मोजायला लावा, दोन मिनिटं दोरीउड्या मारू द्या, मग पुन्हा मोजा. दोन्ही आकडे फळ्यावर लिहा. पाठ आपोआप समजतो.

आता पालकांना एक विनंती. स्कॉलरशिप परीक्षा जवळ आली की, "खेळाचा तास गणिताला द्या ना," असा आग्रह होतो. तुमची काळजी मला कळते. पण जागतिक आरोग्य संघटना मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचा खेळ सांगते. शिकवणी आणि मोबाइलच्या मधे अनेक मुलांना शाळेचं मैदान तेवढंच मिळतं. गणिताचा राहिलेला धडा शनिवारी जादा तास घेऊन भरून काढता येतो. न खेळता गेलेलं बालपण कोणत्या तासाला भरून काढणार?

आणि मोठ्यांसाठी? आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगानं चाला. मुलांनाही सोबत न्या!