‘बालदी’ म्हणून दाखव!

१/
थ्रेड : जुलै १९८३. कोलंबोच्या रस्त्यांवर जमाव मोटारी आणि बसगाड्या अडवीत होता. आतल्या माणसांना एक शब्द उच्चारायला सांगितला जाई : ‘बाल्दिय’, म्हणजे बालदी. शब्द सफाईने आला तर वाट मोकळी होई. ‘ब’च्या जागी ‘व’ ऐकू आला तर माणूस तमिळ ठरे आणि त्याच्या जिवाची शाश्वती उरत नसे. त्या दंगलीतून वाचलेल्यांच्या आठवणींत हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

२/
शब्द पोर्तुगीज आहे : ‘बाल्दे’. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर तो सिंहलीत गेला, तसाच कोकण किनाऱ्यावरून मराठीतही आला. आपल्या न्हाणीघरातली बालदी किंवा बादली ती हीच. तमिळच्या मूळ शब्दांच्या आरंभी ‘ब’चा घोष उच्चार येत नाही. जिभेची ती पिढ्यान्‌पिढ्यांची सवय जमावाने माणूस ओळखण्यासाठी वापरली.

३/
ही वेळ एका रात्रीत आली नव्हती. १९४८ मध्ये सिलोन स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांतील लाखो तमिळ मजूर नागरिकत्वाला मुकले. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९५८ मध्ये मोठी दंगल उसळली, १९७७ मध्ये पुन्हा. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखिते त्यात गेली.

४/
कोलंबोतील मध्यमवर्गीय तमिळ कुटुंबांना मात्र आपण या साऱ्याच्या थोडे बाहेर आहोत असे वाटत असे. घरात इंग्रजी, बाजारात अस्खलित सिंहली, मुले नामांकित शाळांत, शेजारी सिंहली. अशाच शहरात १९६५ मध्ये श्याम सेल्वदुराई यांचा जन्म झाला. वडील तमिळ, आई सिंहली. ज्या दोन समाजांत पुढे वैर पेटले, ते दोन्ही त्यांच्या घरात एकाच ताटाभोवती बसत होते.

५/
१९८३ नंतर हे कुटुंब कॅनडात स्थलांतरित झाले. श्याम तेव्हा १९ वर्षांचे होते. १९९४ मध्ये त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी ‘फनी बॉय’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक अर्जी हा कोलंबोतील तमिळ मुलगा. आपले मन मुलांकडे ओढ घेते हे त्याला हळूहळू उमगत जाते. कादंबरी म्हणजे लेखकाचे आत्मचरित्र नव्हे. अर्जीची आई तर तमिळच आहे. पण ते शहर, तो काळ आणि ती भीती लेखकाने स्वतः पाहिलेली होती.

६/
कथेचा आरंभ दंगलीपासून फार दूर, आजीआजोबांच्या घरच्या रविवारी होतो. सारी भावंडे जमत. पुढच्या मैदानात मुलगे क्रिकेट खेळत, मागच्या अंगणात मुलींचा लग्नाचा खेळ रंगे. अर्जी मुलींत असे आणि नवरी तोच होई. पांढरी साडी नेसून नटण्यात त्याला जो आनंद मिळे, तो दुसऱ्या कशातच नसे. कोणालाही त्याचे वावगे वाटत नव्हते, कारण मोठ्यांनी ते पाहिलेच नव्हते.

७/
एके दिवशी त्याला साडीतच दिवाणखान्यात आणून उभे केले जाते. मोठी माणसे हसतात. आईवडिलांची मान खाली जाते. पुढच्या रविवारपासून त्याला मुलग्यांत खेळण्याची सक्ती होते. का, असे तो विचारतो. आईजवळ समाधानकारक उत्तर नसते. आजवर तिचा साजशृंगार पाहत तो तिच्या खोलीत बसत असे. ते दारही बंद होते. वय अवघे सात.

८/
त्याच्याविषयी बोलताना वडीलधारी मंडळी ‘फनी’ हा शब्द वापरतात. गंमतीदार हा त्याचा एक अर्थ, विचित्र हा दुसरा. पण मोठ्यांच्या आवाजात या दोहोंत न बसणारे काही तरी आहे, एवढे मुलाला कळते. तेव्हापासून चालणे, बोलणे, हात हलवणे, सारे तपासले जाऊ लागते. परीक्षा कसली आहे हे न सांगताच घेतली जाणारी ही परीक्षा होती, आणि परीक्षक घरचेच होते.

९/
मुलगा मर्द व्हावा म्हणून वडील त्याला एका कडक शिस्तीच्या शाळेत घालतात. तेथे वर्ग भाषेनुसार विभागलेले : सिंहली माध्यमाचे वेगळे, तमिळ माध्यमाचे वेगळे. अर्जी सिंहली माध्यमात असतो, कारण भविष्य त्याच भाषेचे आहे असा वडिलांचा हिशेब. पहिल्याच दिवशी एक सिंहली विद्यार्थी त्याला तमिळ वर्गात जायला बजावतो. अर्जीला तमिळ नीटशी येतच नाही! आडनाव एका वर्गाचे, भाषा दुसऱ्या वर्गाची.

१०/
त्या क्षणी त्याच्या बाजूने उभा राहतो शेहान, हाही सिंहलीच. पुढे याच मैत्रीचे प्रेमात रूपांतर होते. प्रेमाची ही कहाणी गोड गोड करून सांगितलेली नाही. अर्जीला आधी लाज वाटते, मग रागही येतो. आपल्यावर माया करणाऱ्या घराचा आपण विश्वासघात केला, असे त्याला वाटते. त्या घराने आपल्याला काय शिकवले आहे, हा प्रश्न त्यानंतर पडतो.

११/
आता खरा पेच. मुख्याध्यापक क्रूर आहेत. शेहानला त्यांचा छळ सोसावा लागतो. पण शाळा निव्वळ सिंहली-बौद्ध करू पाहणाऱ्या उपमुख्याध्यापकांना रोखून धरणारेही तेच आहेत. त्यांचे पद राहावे अशी तमिळांची इच्छा. ते टिकवण्यासाठी ते एका समारंभात भाषण करणार असतात. अर्जीने म्हणावयाच्या दोन इंग्रजी कवितांवर ते भाषण बेतलेले असते. समाजाचे हित एका बाजूला, शेहान दुसऱ्या बाजूला.

१२/
अर्जी भर सभेत कविता मुद्दाम चुकवतो. ओळींची सरमिसळ करतो, शब्द तोडतो. भाषणाचा विचका होतो. ज्या देशात अचूक उच्चारावर माणसाची पारख होणार होती, तेथे हा मुलगा समजून उमजून चुकीचे बोलतो. त्याची किंमत त्याच्याच समाजाला मोजावी लागेल, हेही त्याला ठाऊक असते. कादंबरी त्याला शाबासकी देत नाही आणि दोषही देत नाही. निवड त्याची आहे, एवढेच ती दाखवते.

१३/
मग येतो तो जुलै. २३ तारखेच्या रात्री जाफन्याजवळ तिरुनेलवेली येथे तमिळ बंडखोरांच्या हल्ल्यात १३ सैनिक ठार झाले. २४ ला कोलंबोत त्यांच्या सामुदायिक दफनाची तयारी झाली आणि स्मशानाभोवती जमलेल्या गर्दीतून दंगल उसळली. अनेक ठिकाणी जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. घर कोणाचे हे विचारण्याचीही गरज नव्हती. वेलिकडा तुरुंगात २५ आणि २७ जुलैला मिळून ५३ तमिळ कैदी मारले गेले.

१४/
मृतांचा सरकारी आकडा काही शेकड्यांचा. इतर अंदाज ३,००० पर्यंत जातात. सुमारे दीड लाख लोक बेघर झाले. २८ जुलैला राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी देशाला उद्देशून भाषण केले. त्यात तमिळ बळींसाठी सहानुभूतीचा शब्द नव्हता. अर्जीचे घर जळते. आजीआजोबांना त्यांच्या मोटारीसह जाळले जाते. कुटुंबाला लपवणारे शेजारीही सिंहली असतात, आणि जाळणारेही.

१५/
दंगलीनंतर अर्जी शेहानला भेटतो तेव्हा तो सिंहली आहे ही जाणीव दोघांच्या मध्ये येऊन बसते. याआधी ती कधी आली नव्हती. घराने अर्जीला ‘वेगळा’ ठरवले होते. आता देशाने साऱ्या घरालाच तसे ठरवले. आपला आवाज, आपली चाल, आपले नाव सांभाळीत जगणे म्हणजे काय, हे आईवडिलांना त्या आठवड्यात कळले. मुलाला ते सातव्या वर्षापासून माहीत होते. पण या दोन अनुभवांचे नाते त्या घरात कोणी बोलून दाखवीत नाही. तेवढा वेळही कोणाजवळ नसतो. कॅनडाला जाण्याची बांधाबांध चाललेली असते.

१६/
कायद्याचे काय? ब्रिटिशांनी १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ घातले. तोच साचा १८८३ मध्ये सिलोनमध्ये कलम ३६५ म्हणून गेला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. श्रीलंकेत १९९५ च्या दुरुस्तीने ‘३६५ अ’ची कक्षा उलट वाढली, पुरुषांपुरते असलेले कलम स्त्रियांनाही लागू झाले. कायदा बदलणारे विधेयक राज्यघटनेच्या विरोधात नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये सांगितले.

१७/
गृहयुद्ध मे २००९ मध्ये संपले. त्यानंतर सेल्वदुराई यांनी श्रीलंकेत जाऊन सिंहली, तमिळ आणि मुस्लिम तरुण लेखकांना एकत्र बसवले आणि युद्धाविषयी लिहिते केले. आपापल्या घरांत ऐकलेल्या गोष्टी ही मुले एकमेकांना वाचून दाखवीत. ज्या देशात एका शब्दाच्या उच्चारावरून माणसे मारली गेली, तेथे कोणाचा उच्चार न तपासता शेवटपर्यंत ऐकून घेणे, हेच त्या कार्यशाळांचे काम होते.

(समाप्त)