राजाचे माप आणि आमचे ताट

वजन कमी करणे म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे आपल्या वस्तीत अजूनही पुष्कळांना वाटते. ते साहजिक आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाल्ली. ज्या घराने भूक पाहिली, त्या घरात ताटात अन्न टाकणे हा गुन्हा आणि अंगाने भरलेली बाई ही सुखाची खूण! पण आता त्याच घरांत साखरेचा आजार शिरला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत.

आम्ही उभयता कामगार. एक पॅकिंगच्या कारखान्यात, दुसरा रात्रपाळीचा वॉचमन. उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. आमची ११८ आणि ११२ निघाली. दवाखान्यातील आहारतज्ज्ञ ताईंनी टेपने कंबर मोजली. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. आमची १०२ आणि ९६ भरली. ताईंनी छापील तक्ता दिला : ओट्स, ब्राऊन ब्रेड, पनीर, सफरचंद. एवढे आमच्या पगारात बसत नाही, असे सांगताच त्यांनी त्याच कागदाच्या मागे दुसरा तक्ता लिहून दिला.

सकाळी एक ज्वारीची भाकरी आणि उकडलेले अंडे. दुपारी दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ किंवा वरण, दोन वाट्या पालेभाजी, कांदा-काकडी. चार वाजता मूठभर फुटाणे आणि बिनसाखरेचा चहा. रात्री आठच्या आत एक भाकरी आणि भाजी. भात घेतला तर वाटीभर, मग भाकरी नाही. तेल माणशी दिवसाला तीन चहाचे चमचे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत होते, ते दोन लिटरवर आले. वाचलेल्या पैशांत अंडी बसली.

तक्त्यातील सर्वांत अवघड गोष्ट मात्र कागदावर लिहिलेली नव्हती. आपल्याकडे घरची बाई शेवटी जेवते, आणि पातेल्यात उरलेले 'वाया नको' म्हणून स्वतःच संपवते. तिला माप कसे राहणार? म्हणून आम्ही ठरवले, रात्री चौघांनी एकत्र बसायचे, भाकऱ्या मोजूनच थापायच्या आणि उरले तर झाकून सकाळी खायचे.

संयुक्त निकायात कोसलचा राजा प्रसेनजिताची गोष्ट आहे. तो द्रोणभर भाताचे जेवण जेवी. एकदा असाच जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. माप ओळखून, भानावर राहून जेवावे, असे सांगितले. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायचे काम दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला. एवढ्या मोठ्या राजालाही शेजारी आठवण देणारा माणूस लागला! आमच्या घरी हे काम धाकटी मुलगी करते. तेलाचे चमचे तीच मोजते आणि आईचे ताट वाढल्याशिवाय स्वतः घास घेत नाही.

आठ महिन्यांत एकाचे सहा आणि एकीचे पाच किलो वजन उतरले. दोघांची साखर शंभरच्या आत आली. आम्ही एकही दिवस उपाशी राहिलो नाही. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरून चक्कर येते, जिवावरही बेतते.

भगिनींनो, तक्ता कोणताही असो, आज रात्री आपले ताट सर्वांबरोबर वाढून घ्या. सुरुवात तिथून करा.