उत्तरांची पानं शिलाई मशीनच्या खणात

माझा मुलगा नववीत असताना एके दिवशी म्हणाला, "अम्मी, मला इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाडला बसायचंय." म्हणजे शाळकरी मुलांची प्रोग्रॅमिंगची स्पर्धा. २००२ पासून भारताचा संघ जगाच्या स्पर्धेलाही जातो, हे त्यानंच मला सांगितलं. मीरा रोडला नया नगरात आमची एक खोली आणि किचन. त्याचे अब्बा कुवेतला, मी घरी शिलाई करते. क्लासची फी कुठून आणायची, हा विचार माझ्या तोंडावर दिसला असावा. तोच म्हणाला, "क्लास नको. जुने पेपर फुकट मिळतात."

ते खरं होतं. पहिल्या, म्हणजे झोनल फेरीचे जुने पेपर उत्तरांसकट आयएआरसीएस या संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. ते सोडवायला कॉम्प्युटरही लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. स्टेशनजवळून झेरॉक्स काढून आणल्या. महिन्याभरात दहा वर्षांचे पेपर 'झाले'. मी कौतुकानं त्याच्या अब्बांना फोनवर सांगितलं.

परीक्षेहून आला तो न जेवताच झोपला. रात्री हळूच म्हणाला, "अम्मी, मी पेपर सोडवलेच नव्हते. प्रश्न वाचायचो, लगेच उत्तर बघायचो आणि कळलं म्हणायचो."

मी रागावले नाही. मलाही ते ठाऊक आहे. शिवलेला ब्लाऊज बघून कटिंग येत नाही. कापड बिघडवावं लागतं, उसवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी उत्तरांची पानं वेगळी केली आणि मशीनच्या खणात ठेवून दिली. ठरलं असं की घड्याळ लावून तीन तास बसायचं. अडलं तरी उत्तर दुसऱ्या दिवशीच मिळेल, आणि तेही आपण कुठे अडलो हे वहीत लिहिल्यावर. आठवड्यानं तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा.

एकदा वाटा मोजण्याचं गणित होतं. चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जायचं, फक्त उजवीकडे किंवा खाली. त्याला सूत्र पाठ होतं. पण काही घरं बंद होती, तिथे सूत्र चालेना. मला बारावी कॉमर्सपलीकडे काही येत नाही. मी एवढंच म्हटलं, "बेटा, छोटी चौकट काढून मला दाखव." तीन बाय तीनच्या चौकटीत सहा वाटा निघाल्या. मधलं घर बंद केलं तर दोनच. मग त्याचं त्यालाच दिसलं : प्रत्येक घरात वरच्या आणि डावीकडच्या घरातल्या आकड्यांची बेरीज लिहायची, बंद घरात शून्य. मोठी चौकटही त्यानं तशीच भरत नेली. त्या संध्याकाळचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

यंदा दहावीत तो पुन्हा बसला. पुढच्या फेरीत नाव आलं नाही. पण परीक्षेहून आला, जेवला आणि राहिलेला प्रश्न घेऊन बसला. मी खण उघडायला गेले तर म्हणाला, "यंदाची उत्तरं त्यात कुठून असणार, अम्मी?" आणि हसला.

बहिणींनो, मुलांना जुने पेपर जरूर आणून द्या. उत्तरांची पानं मात्र एक दिवस आपल्याकडे ठेवा.